पाण्याकडे निघालेला स्वार

मित्रांनो, जन्माने मी चित्र नाही. मी एक जुने दार आहे. अक्रोडाच्या लाकडाचे, कपाटाचे, डावीकडचे. माझ्या पाठीवर अजून बिजागऱ्यांच्या दोन खाचा आहेत आणि उजव्या कडेला, बरोबर मध्यावर, कुलपाचे एक भोक आहे. त्या कपाटात पात्रुच्या आईची लोकरीची पांघरुणे आणि तिच्या लग्नातला भरतकामाचा सदरा असे. एके वर्षी बर्फ वितळायच्या दिवसांत डॅन्यूब नदी गावात शिरली, चार दिवस घराघरांत राहिली आणि निघून गेली. कपाट कुजून गेले. मी तेवढे वाचले, कारण पुराच्या आदल्या दिवशी बिजागरी दुरुस्त करायची म्हणून पात्रुने मला काढून माळ्यावर ठेवले होते.

पात्रु घोडागाड्या रंगवायचा. चाकांना लाल, दांड्यांना हिरवा आणि मागच्या फळीवर ट्युलिपची फुले. नदीकाठच्या पाच-सहा गावांतल्या गाड्या त्याच्याकडे यायच्या. तो बोलायचा कमी. त्याच्या वाटचे सगळे त्याची बायको सान्फिरा बोलायची.

पात्रुला एक धाकटा भाऊ होता, ग्लिगोर. रोज सकाळी तो रोइबा नावाच्या तांबूस घोडीला नदीवर पाणी पाजायला न्यायचा. खोगीर नाही, लगाम नाही. मानेला एक दोरी, बस्स. घोडी पाण्याशी पोचली की तो बारीक शीळ घालायचा. ती शीळ ऐकल्याशिवाय रोइबा तोंड खाली करत नसे. सान्फिरा म्हणायची, "माझा नवरा मला इतक्या लाडानं कधी जेवायला बोलवत नाही."

मग युद्ध आले. बेचाळीस साली सैन्याने ग्लिगोरला नेले. दोन महिन्यांनी घोडे गोळा करायला माणसे आली, त्यांनी रोइबालाही नेले. दोघेही पूर्वेकडे गेले, निरनिराळ्या आगगाड्यांतून. दोघांपैकी कोणी परत आले नाही. ग्लिगोरबद्दल एक छापील कागद आला. घोडीबद्दल कोणी कशाला कळवील?

चार वर्षांनी मोठा दुष्काळ पडला. मका करपला, नदीसुद्धा अर्धी झाली. कोणाच्या गाडीवर घालायला ओझे नव्हते, मग गाडी रंगवून कोण घेणार? पात्रु रिकाम्या हातांनी कामाच्या खोलीत बसून राही. एका सकाळी त्याने मला माळ्यावरून उतरवले, उजवी कड वर येईल असे आडवे ठेवले, रंधा मारला, सरस लावला आणि डब्यांच्या तळाशी उरलेले रंग खरवडून काढले. शेंदरात काजळी मिसळून त्याने घोडीचा तांबूस रंग केला. मधमाश्यांच्या पेट्यांना लावून उरलेला पिवळा रंग होता, तो पलीकडच्या काठाला दिला. आमच्या गावात सकाळी अलीकडचा काठ टेकडीच्या सावलीत असतो आणि ऊन आधी पलीकडे पडते, म्हणून तो रंग तिथे शोभलाही. जवसाचे तेल थोडेच होते. रंग पुरवून पुरवून त्याने अकरा दिवस काम केले.

पाण्यापासून दोन पावलांवर आलेली घोडी. तिचा एक कान मागे वळलेला, कारण ती शीळ ऐकते आहे. तिच्या पाठीवर पाठमोरा बसलेला माणूस. त्याच्या हातात काजळीच्या रंगाची एक बारीक दोरी. आणि पलीकडच्या पिवळ्या काठाच्या मधोमध माझे ते कुलपाचे भोक. ते बुजवायला पात्रुकडे लाकडातली भोके भरायची लांबी नव्हती.

सान्फिरा एप्रनला हात पुसत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे काय? रोइबाचे पाय आहेत की शिडी?"

"तिचे पाय लांबच होते," पात्रु म्हणाला.

"आणि ग्लिगोरला तोंड कुठाय?"

"तोंड मला काढता येत नाही." तो बराच वेळ कुंचला फडक्याला पुसत राहिला. "पाठ येते. रोज सकाळी दारातून मी त्याची पाठच तर बघायचो."

यावर सान्फिरा काही बोलली नाही. तिच्या बाबतीत असे फार क्वचित होत असे. ती आत गेली आणि बऱ्याच वेळाने मक्याच्या पिठाचा मामालिगा आणि अर्धा कांदा ताटलीत घेऊन आली. दोघे माझ्यासमोर जमिनीवर बसून जेवली.

त्यानंतरची पाच वर्षे माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे होती. कामाच्या खोलीत चाके टांगलेली असत, त्यांच्या वरच्या खिळ्यावर मी होते. गाडीवाले येत, टोप्या मागे सारून माझ्याकडे बघत. "पात्रु, घोडीचं पोट बघ, गाभण आहे काय रे?" असे कोणी म्हणे. ग्लिगोरला ओळखणारा एक म्हातारा तर दर वेळी टोपी काढायचा. मी कशाचे चित्र आहे, हा प्रश्न कोणालाही पडला नव्हता.

पण बाहेर दिवस बदलत होते. आमच्या नदीच्या पलीकडे दुसरा देश आहे. पूर्वी तिकडची माणसे लग्नाकार्याला होडीतून येत आणि दुसऱ्या दिवशी डोके धरून परत जात. आता दोन्ही सरकारांचे बिनसले होते. काठाने काटेरी तार आली, पहाऱ्याचे मनोरे आले. घोड्यांना पाणी विहिरीवरच पाजायचे, असा हुकूम निघाला. एका जून महिन्यात ट्रक आले आणि कितीतरी घरांतली माणसे सामानासकट दूरच्या उजाड माळावर नेऊन सोडली. कोणाला का नेले आणि कोणाला का ठेवले, ते कोणाला समजले नाही. जे उरले ते नदीकडे तोंड करून उभे राहायलाही बिचकू लागले.

त्याच वर्षी शरद ऋतूत सेवेर मास्तर आमच्या कामाच्या खोलीत आले. ते शाळेत इतिहास आणि चित्रकला शिकवत आणि गावाचे वाचनालय सांभाळत. गळ्याला लहानसा बो बांधणारा गावात तो एकच माणूस. ते वाईट नव्हते, मित्रांनो. आजारी मुलांच्या घरी जाऊन शिकवत. त्यांना फक्त बोलायला फार आवडे, आणि आमच्या गावात त्यांचे बोलणे ऐकून घेईल असे कोणी नव्हते.

त्यांनी मला पाहिले आणि चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पात्रु, हे तू काढलंस?"

"हो, मास्तर."

"कोण आहे हा?"

"आमचा ग्लिगोर. रोइबाला पाणी पाजायला चाललाय."

"ते झालं तुझ्यापुरतं," मास्तर माझ्याजवळ येत म्हणाले. त्यांचा श्वास माझ्या रंगाला लागत होता. "पण चित्र त्याहून पुष्कळ जास्त बोलतंय रे. तुला ऐकू येत नाही?"

पात्रुने कान देऊन ऐकल्यासारखे केले. "नाही बुवा," तो म्हणाला.

वाचनालयात कष्टकऱ्यांच्या कलेचे प्रदर्शन भरणार होते. मास्तरांनी मला मागितले. पात्रुला द्यायचे नव्हते, पण मास्तरांना नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. विणलेले रुमाल, कोरलेले चमचे आणि एक माशांचे जाळे यांच्या शेजारी मला भिंतीवर लावले. रविवारची दुपार होती. सगळा गाव आला होता. दुसऱ्या रांगेत जिल्ह्याच्या कचेरीतून आलेले स्तोइका नावाचे एक अधिकारी बसले होते. साधा, सर्दी झालेला माणूस. मांडीवर वही.

रुमालांबद्दल आणि चमच्यांबद्दल मास्तर दोन-दोन वाक्ये बोलले. माझ्यापाशी आले आणि त्यांना राहवेना.

"हे पाहा!" ते म्हणाले. "या स्वाराला चेहरा नाही. का नाही? कारण तो कोणी एक माणूस नाही, तो आपण सगळे आहोत! त्याच्या घोड्याला लगाम नाही. अलीकडचा काठ पाहा, अंधारलेला. आणि पलीकडचा? सोन्यासारखा! घोडा कान मागे टाकून ऐकतो आहे, मागून कोणी येतंय का. आणि त्या सोनेरी काठावर काय आहे? कुलूप! बंद दार! हा स्वार किल्ली शोधायला निघालाय, मंडळी. दोन पावलं, फक्त दोन पावलं उरली आहेत!"

त्यांचा आवाज इतका सुंदर लागला होता की मागे शेंगदाणे खाणारेसुद्धा थांबले. खरे सांगते, मलाही क्षणभर वाटले, मी खरोखरच एवढे मोठे असेन काय? पाच वर्षे कोणी माझ्याविषयी असे बोलले नव्हते. त्या फुगण्याची मला आजही लाज वाटते.

"अहो मास्तर," सान्फिरा मागून ओरडली, "घोडीला पाणी पाजायला चाललाय तो! आणि ते कुलूप माझ्या सासूच्या कपाटाचं आहे!"

सगळे हसले. मास्तरही हसले. "सान्फिराबाई, कलावंताच्या बायकोला कला कधी दिसत नाही," ते म्हणाले, आणि लोक आणखी हसले. स्तोइका हसले नाहीत. त्यांनी नाक पुसले आणि वहीत लिहिले.

बुधवारी सकाळी पात्रुला घेऊन गेले. मला एका घोंगडीत गुंडाळून त्याच मोटारीत टाकले.

कचेरीतली ती खोली मला पाठ आहे. एक टेबल, एक शेगडी, पांढरा रंग फासलेली खिडकी. मला एका खुर्चीवर उभे करून ठेवले होते, पात्रुच्या बरोबर समोर. दिवसभर आम्ही एकमेकांकडे बघत असू.

"बसा," स्तोइका म्हणत. ते कधी ओरडत नसत. ओरडणारे दुसरे होते, ते नंतर येत. त्यांच्याबद्दल मी तुम्हाला सांगणार नाही.

"हा स्वार कोण?"

"माझा भाऊ, साहेब."

"कॉम्रेड म्हणा. भाऊ कुठे असतो?"

"युद्धात गेला. मेला."

"मेलेला माणूस घोड्याला पाणी पाजतो?"

"आधी पाजायचा. जिवंत होता तेव्हा."

"मग तो पलीकडे का बघतोय?"

"घोडी पाणी पीत असली की माणूस आणखी कुठं बघणार, कॉम्रेड? समोर बघतो."

"समोर काय आहे?"

"नदी."

"आणि नदीच्या पलीकडे?"

पात्रु गप्प बसला. स्तोइकांनी लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी किल्लीवर आले. "किल्ली कोणाकडे आहे?"

"कसली किल्ली?"

"या दाराची."

"कपाट पुरात गेलं, कॉम्रेड. किल्ली आईकडं असायची. आई वारली."

"म्हणजे तुम्ही सांगणार नाही. नदी पार करून देणारा माणूस कोण आहे, त्याचं नाव तुम्ही सांगणार नाही."

पात्रुने माझ्याकडे पाहिले. तसा तो माझ्याकडे पूर्वी कधी बघत नसे. जणू मी काहीतरी करावे अशी त्याची अपेक्षा होती. मित्रांनो, माझ्यावर घोडी होती, नदी होती, भाऊ होता, तोंड नव्हते.

आठवड्याभराने सेवेर मास्तरांना आणले. पात्रु तेव्हा खोलीत नव्हता. मास्तर टेबलाच्या कडेला टेकून उभे राहिले. बो नव्हता, सदऱ्याचे वरचे बटण तुटलेले होते.

"तुमचं भाषण आमच्याकडे लिहिलेलं आहे," स्तोइका म्हणाले. "चांगलं होतं. मला एवढंच सांगा, हे विचार तुमचे की त्याचे?"

मास्तरांनी तुटलेल्या बटणाची जागा चाचपली.

"तुमचे असतील तर प्रश्न वेगळा. मग तुम्हाला इथे बसावं लागेल. त्याचे असतील, त्यानं तुम्हाला सांगितले आणि तुम्ही फक्त बोलून दाखवले, तर तुम्ही साक्षीदार."

शेगडीत लाकूड तडतडले. मास्तरांनी माझ्याकडे बघितले, पण लगेच नजर खाली घेतली. ते खोटे बोलायला आले नव्हते, हे मला त्यांच्या हातांवरून कळत होते. नुसते एक वाक्य बोलायचे होते: मी मनचे बोललो, मी एक बडबड्या माणूस आहे. गावात हे सगळ्यांना ठाऊकच होते.

"त्याचे," मास्तर म्हणाले. "त्यानंच सांगितलं होतं मला. कामाच्या खोलीत."

"काय सांगितलं होतं?"

"की... स्वार पलीकडे चाललाय."

त्यांनी सही केली. बाहेर जाताना त्यांचा पाय माझ्या खुर्चीला लागला. मी पडले, माझा एक कोपरा फुटला. त्यांनी मला उचलून पुन्हा नीट उभे केले आणि "माफ करा" म्हणाले. कोणाला म्हणाले, ते मला कळले नाही. खोलीत स्तोइका होते आणि मी होते.

तरीही पात्रु सही करेना. तो एकच सांगत राहिला, "घोडीला पाणी पाजायला." त्याचा आवाज बसला, मग ओठच हलायचे. शेवटी एका दुपारी दाराबाहेरून आवाज आला. "मी काय चोर आहे काय? हात सोड आधी! माझा नवरा कुठाय?"

सान्फिराला आणले होते. तिला आत आणले नाही. नुसते बाहेरच्या बाकावर बसवले आणि दार उघडे ठेवले, म्हणजे तिचे बोलणे आत ऐकू यावे. ती पहारेकऱ्याला त्याच्या आईवरून काहीबाही बोलत होती. नेहमीसारखेच, पण आवाज कापत होता.

स्तोइका म्हणाले, "तुमची बायकोसुद्धा प्रदर्शनात बोलली होती. लोकांचं लक्ष दुसरीकडे वळवायला. तिलाही विचारावं लागेल. की नको विचारू?"

पात्रुने हात पुढे केला. त्याला लेखणी दिली. कागदावर काय लिहिले होते ते त्याने वाचले नाही. सही करताना तो माझ्याकडे बघत होता आणि घोडीच्या पायांपाशी त्याची नजर थांबली होती. कदाचित ते खरेच लांब झाले आहेत, असे त्याला वाटत असेल. मी त्याला शेवटचे पाहिले ते तेव्हा.

त्याला नदीच्या मुखाकडच्या दलदलीत लव्हाळे कापायला पाठवले, आठ वर्षांसाठी. दुसऱ्याच हिवाळ्यात छातीच्या आजाराने तो गेला. कुठे पुरले ते कळवले नाही. हे मला फार नंतर समजले, कारण मला पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी डकवून एका लोखंडी कपाटात ठेवून दिले होते. त्या कपाटात मी चाळीस वर्षे होते. वाळवीने माझी खालची कड खाल्ली. ओल आली, रंग पापुद्र्यासारखा सुटू लागला. माझ्या अंगाला टेकून दुसऱ्यांच्या वस्तू होत्या, एक व्हायोलिन, पत्रांचे गठ्ठे, लहान मुलाचा एक बूट. कोणी आपली कहाणी सांगितली नाही. मीही नाही.

मग राज्य बदलले. कपाटे उघडली. आउरा नावाची एक तरुण बाई आली, शहरात नवे संग्रहालय होणार होते त्याची ती व्यवस्थापक. तिने मला उजेडात धरले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. "बिचारा," ती म्हणाली. "केवढा शूर माणूस!"

तिने पात्रुची सगळी फाईल वाचली होती. मास्तरांचे भाषण, मास्तरांची साक्ष, पात्रुची सही. सगळे कागद एकच गोष्ट सांगत होते. राजधानीहून जुनी चित्रे साफ करणारा एक निष्णात माणूस आला. त्याने कापसाच्या बोळ्यांनी महिनाभर माझी सेवा केली, सुटलेला रंग चिकटवला, वाळवी मारली. स्वाराच्या हातापाशी त्याला एक काळपट रेघ दिसली. "ही काय?" त्याने आउराला विचारले.

आउराने फाईल पाहिली. "लगाम नाही असं साक्षीत स्पष्ट आहे. काजळी असेल, शेगडीची."

त्याने ती पुसून टाकली. ती काजळीच होती, मित्रांनो. पात्रुने ती दिव्याच्या काचेवरून बोटाने काढली होती.

माझ्याखाली एक पाटी लागली: "स्वातंत्र्याकडे. कलावंत पात्रु झाम्फिर. या चित्रासाठी त्याने प्राण दिले." उद्घाटनाच्या चार दिवस आधी आउराने शोध काढून सान्फिराला गावाहून बोलावून घेतले. ती ऐंशीच्या घरात होती. काळा रुमाल, काठी, हातात अक्रोडांची पिशवी. दारातच तिने आउराला विचारले, "बाळ, तू जेवलीस का?" मग ती माझ्यापाशी आली.

मला वाटले ती रडेल. ती बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिली. "दोरी कुठं गेली?"

"कसली दोरी, आजी?"

"रोइबाची दोरी. ग्लिगोरच्या हातात असायची. इथं." तिने बोट माझ्या अगदी जवळ आणले. "दोरीशिवाय घोडी कशी नेईल तो? वेडा आहे काय?"

आउराने पुसलेल्या जागेकडे पाहिले. मग सान्फिराने तिला सगळे सांगितले: पूर, कपाट, दुष्काळ, मधमाश्यांच्या पेट्या, शीळ. पात्रु गेल्याचे कळले तेव्हा सेवेर मास्तर तिच्या दाराशी येऊन टोपी हातात धरून उभे होते, आणि तिने दार उघडले नव्हते. मास्तर त्यानंतर वीस वर्षे शिकवत होते. चित्रकलेच्या तासाला फळ्यावर घडा काढायचे आणि म्हणायचे, "हा घडा आहे. काढा." दुसरे काही बोलत नसत.

"पण आजी," आउरा हळूच म्हणाली, "त्यांनी स्वतः कबूल केलंय. त्यांची सही आहे."

"सही माझ्यासाठी केली त्यानं. मी बाहेर बसले होते." सान्फिराने पाटीकडे काठी केली. "हे काढ. तो काही शूरबीर नव्हता. चाकं रंगवायचा. त्याला भावाची आठवण यायची."

आउराने वरिष्ठांना फोन केला. बराच वेळ बोलली. पाहुण्यांना निमंत्रणे गेली होती. निमंत्रणावर माझाच फोटो होता आणि तीच ओळ होती.

उद्घाटनाच्या दिवशी सान्फिराला पहिल्या रांगेत बसवले. फुले दिली. तिघांची भाषणे झाली. तिघांनीही स्वाराचा नसलेला चेहरा, सोनेरी काठ आणि बंद दार यांचे वर्णन केले. सेवेर मास्तरांनी एका रविवारी दुपारी केले होते अगदी तसेच, फक्त आवाज तितका गोड नव्हता. मग तिला दोन शब्द बोलायला सांगितले.

ती काठीवर भार देऊन उठली. "माझा नवरा कुठं पळून चालला नव्हता," ती म्हणाली. "आणि तो शूर नव्हता. तो भ्यायला होता. माझ्यासाठी भ्यायला. हा माझा दीर आहे, घोडीला पाणी पाजायला चाललाय. तेवढंच आहे ते. तुम्ही सगळे खोटं बोलताय."

मग मागच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. लोक उभे राहिले, काहींनी डोळे पुसले. "केवढा साधेपणा!" माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी त्यांच्या बायकोला सांगितले.

"टाळ्या नका वाजवू!" सान्फिरा ओरडली. "ऐका जरा!"

टाळ्या आणखी वाढल्या. तिने फुले खुर्चीवर ठेवली आणि भिंतीला धरून धरून बाहेर गेली. आउरा तिच्या मागे धावली.

त्याच हिवाळ्यात सान्फिरा वारली. तिच्या अंत्यविधीला गेलेल्या आउराने गावाहून परत आल्यावर एक नवी पाटी आपल्या हाताने लिहिली: "स्वार ग्लिगोर. घोडी रोइबा. सकाळी पाण्यावर." तिने तिचा मजकूर वर मंजुरीला पाठवला. उत्तर आले की कागदोपत्री पुरावा वेगळा आहे, सबब बदल करता येत नाही. पुरावा म्हणजे ती सही. ती पाटी आउराच्या टेबलाच्या खणात पडून आहे, आणि शाळेच्या सहली आल्या की माहिती सांगायला ती दुसऱ्या कोणाला तरी पाठवते.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी चित्रे आपल्या गोष्टीच्या शेवटी विनंती करतात, आम्हाला जपा, आमच्यावर धूळ बसू देऊ नका. मला ती विनंती करायची नाही. माझ्यावर काच आहे, खोलीत ओल येऊ नये म्हणून यंत्र आहे, दर सोमवारी एक बाई मऊ फडक्याने माझी चौकट पुसते. माझा अर्थ चुकला म्हणून माझे काही बिघडले नाही. ज्याने मला काढले त्याची कबर कोणाला ठाऊक नाही.

तुम्ही माझ्यासमोर याल तेव्हा तुम्हाला पुष्कळ काही सुचेल. सुचू द्या. पण ते मोठ्याने बोलायच्या आधी विचारा, हे ज्यांच्या घरचे आहे त्यांच्यापैकी कोणी इथे उभे आहे का? असेल तर त्यांना पुढे येऊ द्या, आणि ते काय म्हणतात ते शेवटपर्यंत ऐका.